डब्यातला उन्हाळा

आमच्या घरात कॉम्प्युटरच्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात. सीपीयू म्हणजे आतली ती मारी बिस्किटाहूनही लहान चिप, बाहेरच्या डब्याला कॅबिनेट म्हणायचं, हे चिरंजीवांनी मला दहादा तरी सांगितलंय. मी बरं म्हणते आणि संध्याकाळी "सीपीयूवरचे टॉवेल उचल रे" म्हणून ओरडते.

तर हा सीपीयू मेच्या पहिल्या आठवड्यात रोज दुपारी तीनच्या आगेमागे बंद पडायला लागला. चिरंजीव लग्नांचे व्हिडिओ एडिट करतात. लग्नसराई आणि उन्हाळा आपल्याकडे एकाच मुहूर्तावर येतात, त्यामुळे कामाचा ढीग आणि पारा दोन्ही एकदमच चढतात. आम्ही बदलापूर पूर्वेला चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर गच्चीचा स्लॅब, पश्चिमेला खिडकी. मुंबईकर पस्तिशीलाच हुश्शहुश्श करतात, तेव्हा इथे चाळिशी उलटलेली असते; समुद्रावरचा वारा आमच्यापर्यंत यायचा तर संध्याकाळ उजाडते. दीड तासाचा एक्सपोर्ट पाऊण तासावर आला की आधी पंखे घोंगावायचे, मग स्क्रीन काळी. एका नवरीची पाठवणी तीन दिवस अर्ध्यावर अडकली होती.

मंगळवारी दादा आला. अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्समध्ये ३१ वर्षं काढून तो रिटायर झालाय. ब्लोअर, डक्ट, एक्झॉस्ट यांतच त्याचा जन्म गेला. मामाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं भाच्याचं मत, आणि भाच्याला वाऱ्यातलं काही कळत नाही असं मामाचं. चहा गाळून होईपर्यंत दादा टेबलासमोर उकिडवा बसलाही होता.

कॅबिनेट दोन वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका दुकानातून जुळवून आणलेलं. पुढून अख्खी काळी काच आणि काचेमागे रंग बदलणारे तीन पंखे.

"हे काय, गणपतीचं मखर?"

"आरजीबी आहे मामा."

"असू दे. हवा कुठून घेतं?"

"पुढून. तीन पंखे आत ओढतात, मागचा एक बाहेर फेकतो."

"पुढे तर काच आहे."

"काचेच्या दोन्ही बाजूंना फट आहे ना."

दादाने फटीत करंगळी घालून पाहिली. नखापर्यंत गेली.

"यातून तीन पंख्यांचा वारा?"

"एकेक पंखा ६० सीएफएमचा आहे. खोक्यावर लिहिलंय."

"खोक्यावरचं सीएफएम मोकळ्यावरचं असतं. पुढे काही नाही, मागे काही नाही, तेव्हाचं. प्रेशर किती ते वाच. किती मिलिमीटर पाणी?"

चिरंजीवांनी फोनवर शोधलं. दीड मिलिमीटर निघालं. हवेचं माप पाण्यात कसं, ते मला कळेना, म्हणून दादाने माझ्यासाठी हवेत यू काढून दाखवला. पारदर्शक नळी यू आकारात वाकवायची, रंगीत पाणी भरायचं, एक तोंड डक्टला जोडायचं. ब्लोअर सुरू झाला की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर. दोन पातळ्यांतला फरक म्हणजे ब्लोअरचा दम.

"आमच्याकडे दीडशे-दोनशे मिलिमीटर यायचे. याचा दम दीड मिलिमीटर, तोही हवा जागची हलत नसतानाचा. एवढ्याशा दमाच्या तोंडावर तू काच लावलीस."

"म्हणून तर तीन लावलेत."

"एका फटीतून तिघांनी ओढलं तर संध्याकाळी कल्याणला लोकलच्या दारात होतं ते होणार. माणसं तिप्पट झाली म्हणून दार तिप्पट होतं का?"

हा घाव वर्मी बसला असावा, कारण चिरंजीवांनी वही ओढली. त्याचं हे मला आवडतं, हरायला लागला की आकडे मांडतो. "बघ. प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह १२४००, जोरात असला की ११७ वॉट. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, ते १७०. मदरबोर्ड, डिस्क, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये वाया जाणारं धरून ३५० वॉट समजू. ६० सीएफएम म्हणजे तासाला साधारण १०० घनमीटर हवा. तेवढी हवा ३५० वॉटची उष्णता उचलून नेताना ११ डिग्रीने तापते. पन्नासच घनमीटर मिळाली तर २२ डिग्रीने."

दादाने आकडे पुन्हा वाचले. "यूट्यूबवरचं?"

"अकरावीचं फिजिक्स."

"बरोबर आहे. आता मला सांग, अकराने तापते ती कशाच्या वर?"

"म्हणजे?"

"खोलीच्या वर. खोली ३७ असेल तर डब्यातली हवा ४८ आणि चिप त्याच्याही वर. पंखा थंड करत नाही रे, पंखा हमाल आहे. ओझं इथून उचलून तिथे टाकतो, ओझं काही कमी करत नाही. तुम्ही पोरं चिप ८० आली, ९० आली म्हणून ओरडता, पण खोली किती होती ते कोणी लिहीत नाही. आकडा खोलीपासून मोजायचा."

हमालाची ही उपमा दादाने पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टबद्दलही वापरली होती. पण चांगली आहे, टिकाऊ आहे.

इथून वाद पेटला. दादाचा उपाय सरळ होता. बाजूचं दार काढायचं, समोर टेबलफॅन लावायचा, विषय संपला. चिरंजीवांना जवळजवळ शिवीच दिल्यासारखं झालं.

"दार काढून चालवायचं? मागच्या कॉम्प्युटरचं काय झालं विसरलास?"

काय झालं होतं ते मी सांगते. तो कॉम्प्युटर सगळा पावसाळा दार उघडं ठेवून चालवला. एका रात्री फट्ट आवाज आला आणि घरभर जळका वास. एसएमपीएस उघडला तर आत पाल, शेपटीसकट काळी ठिक्कर. उबेला आली असणार बिचारी.

"पाल एकदा येते," दादा म्हणाला. "गरमी रोज येते."

"धूळही रोज येते. उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यातलं बिलिंगचं मशिन मी साफ केलंय. हीटसिंकच्या पात्यांवर निळी गोधडी बसली होती मामा, नखाने सोलून काढली. आणि तुझ्याकडे तर दार उघडं ठेवूच नये. वालधुनी नदीच्या वाऱ्याला तुझ्या देव्हाऱ्यातलं निरांजन महिन्यात काळं पडतं ना? चांदीला खातो तोच वायू मदरबोर्डवरच्या तांब्या-चांदीला सोडेल होय?"

हे मात्र खरं. अंबरनाथला दादासारखी शिवमंदिराच्या अंगाला राहणारी माणसं चांदी डब्यात घालून ठेवतात. नदीतल्या सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड, त्याच्याने चांदी काळवंडते.

दादा क्षणभर गप्प झाला, मग त्याने मोर्चा वर वळवला. "बरं, दार राहू दे. वरची जाळी तरी मोकळी कर. गरम हवा वर जाते, हे तरी मान्य आहे ना? हिने वर टॉवेल वाळत घातलेत."

मी टॉवेल उचलले. भाच्याने मात्र ते तत्त्वही सोडलं नाही. त्याने पुन्हा वही घेतली आणि यावेळी मामाच्याच शस्त्राने मामाला मारलं. गरम हवा वर चढते ती हलकी असते म्हणून. पण ४५ सेंटिमीटर उंचीच्या डब्यात, आतली हवा बाहेरच्यापेक्षा २० डिग्रीने गरम असली तरी, त्या चढण्याचा जोर किती? पाण्याच्या मापात ०.०३ मिलिमीटर.

"तुझ्या दीड मिलिमीटरच्या मरतुकड्या पंख्याच्या पन्नासाव्या भागाइतका," तो म्हणाला. "पंखा लावला की हवा पंखा नेईल तिकडे जाते, वर-खाली तिला माहीत नसतं. वर जायची ओढ उपयोगी पडायला उंची लागते. तुमच्या बॉयलरची चिमणी काय शोभेला उंच होती?"

दादा हसला. कंपनीतल्या ज्युनिअरने बरोबर बेअरिंग ओळखल्यावर तो असा हसत असणार. "वरची जाळी मोकळी ठेवायचीच," एवढं मात्र पुटपुटला. ते बरोबरच होतं. पंख्याने ढकललेल्या हवेलाही बाहेर पडायला वाट लागतेच.

आता पाळी भाच्याच्या लाडक्या उपायाची. त्याला लिक्विड कूलर घ्यायचा होता, पाच आकडी किमतीचा. चिपवर पंप, दोन नळ्या, वर पाण्याचा रेडिएटर. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी किती?"

"ग्लासभर."

"ग्लासभर पाण्याला ११७ वॉटची शेगडी लाव. रेडिएटरचा पंखा चालला नाही तर अडीच मिनिटांत २० डिग्री चढतं. म्हणजे शेवटी रेडिएटरवरच आलास. रेडिएटरला वारा कुठला? ह्याच डब्यातला. हमाल बदललास, रस्ता तोच."

मग तो देवळात शिरला. अंबरनाथची माणसं कुठल्याही विषयातून देवळात शिरू शकतात. "लहानपणी तुला शिवमंदिरात न्यायचो, आठवतं? शके ९८२चं, म्हणजे १०६० सालचं देऊळ. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जायचं. मेमध्ये बाहेर फरशीवर पाय भाजतात आणि खाली कसं गार. तिथे कुठला पंखा आहे?"

"दगड आहे. टनांनी दगड आणि जमिनीत खोल. दिवसभराची उष्णता त्याला पुरत नाही, रात्री तो पुन्हा निवतो. माझा एक्सपोर्ट दीड तास सलग चालतो, मामा. हजार वर्षांचं देऊळ टेबलाखाली मावत नाही."

"तेच सांगतोय. तुझं ते ग्लासभर पाणी म्हणजे छोटं देऊळ. अडीच मिनिटं गार."

मला वाटतं लिक्विड कूलरचे पैसे त्या वाक्याला वाचले. तसा तो वाईट नसतो. रेडिएटर थेट बाहेरची ताजी हवा घेईल असा बसवला तर चिपचं ओझं चांगलं उचलतो. पण आमची अडचण चिपपाशी नव्हती. ती कुठे होती, हे दोघांनाही तोवर ठाऊक नव्हतं. तासभर भांडून झालं तरी एकानेही काही मोजलं नव्हतं.

देव्हाऱ्यातून उदबत्ती मी आणून दिली. दादा म्हणाला, कंपनीत आम्ही यासाठी धुराच्या नळ्या वापरायचो. चिरंजीवांनी एक्सपोर्ट लावला. दादाने उदबत्ती काचेच्या फटीशी धरली. धूर आत ओढला जाईल अशी सगळ्यांची समजूत. तो गेला थोडासा आत, बाकीचा रेंगाळत वर. मग दादा टेबलाखाली वाकला आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूला उदबत्ती धरली. मागच्या पंख्याने धूर झटकन भिंतीकडे फेकला, भिंतीवर आपटून तो खाली वळला, कॅबिनेटच्या बुडाखालून, कडेकडेने पुढे आला आणि पुढच्या फटीतून पुन्हा आत गेला.

दादाने ते तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

हे कॉम्प्युटर टेबल उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातलं. अशी टेबलं घरोघरी आहेत. वर मॉनिटर, खाली सरकता कीबोर्ड आणि उजवीकडे सीपीयूसाठी तीन बाजूंनी बंद खण. मागे फळी नाही, पण चार बोटांवर भिंत. कॅबिनेट त्या खणात पाटावर बसवल्यासारखं फिट्ट. आम्ही दोन वर्षं त्याला त्याचाच उच्छ्वास पाजत होतो.

दादाच्या पिशवीत कंपनीच्या दिवसांपासूनचा काचेचा थर्मामीटर असतो, शून्य ते ११०. खोलीत ३७. कॅबिनेटच्या तोंडाशी, हवा आत जाते तिथे, ४६. शर्यत सुरू व्हायच्या आधीच नऊ डिग्रीचं नुकसान. आतला प्रोसेसर शंभरीला टेकला होता आणि स्वतःचा वेग कमी करत होता. इंटेलच्या या चिपा शंभराला लगाम खेचतात, जळू देत नाहीत.

कॅबिनेट खणातून ओढून खोलीच्या मधोमध आणलं. दहा मिनिटांत प्रोसेसर ९३. मग दादाचं समाधान म्हणून बाजूचं दार काढलं. ८३.

"बघ!" दादा.

"बघितलं. म्हणजे डब्याला श्वास घेता येत नव्हता. दार काढून एकदोन डिग्रीच उतरलं असतं तर डबा निर्दोष. दहाने उतरलं म्हणजे वाट बुजलीय. दार काढणं म्हणजे थर्मामीटर लावण्यासारखं आहे मामा. थर्मामीटर काखेत ठेवून कोणी हिंडतं का?"

त्याने दार परत लावलं आणि पुढची काच चार स्क्रू काढून उतरवली. ८४. दार उघडं ठेवून जे मिळत होतं, जवळजवळ तेवढंच, पालीला आमंत्रण न देता. दादाने आकडा पाहिला आणि काच उचलून माझ्या हातात दिली. "पापडांवर झाकायला घे," म्हणाला. दोघांतला तो तह होता, असं मी समजते.

काचेच्या जागी खिडकीला लावतो ती डासांची नायलॉन जाळी ताणून चिकटवली. भाच्याचं म्हणणं होतं की जाळीही थोडा वारा खाते. मामाचं म्हणणं होतं की दर रविवारी कुंच्याने झाडली तर खात नाही. आत तीन पंखे, बाहेर एक, असं असल्यामुळे आतली हवा कायम किंचित जास्त दाबाची राहते आणि फटीफटीतून बाहेरच पडते. धूळ यायची तर जाळीतूनच यावी लागते. हे गणित भाच्याने आधीच बरोबर मांडलेलं होतं. जाळीऐवजी काच लावून दुकानदाराने त्याची माती केली होती आणि याने ती रंगीत दिव्यांपायी दोन वर्षं खपवून घेतली.

बंद का पडत होता, ते शेवटी साफसफाईत सापडलं. चिप तर वेग कमी करून स्वतःला सांभाळत होती, मग वीज कोण तोडत होतं? कॅबिनेट आडवं केलं तर बुडाला एसएमपीएसचा स्वतःचा पंखा, त्याच्यावर सरकती जाळी, आणि जाळीवर करड्या लोकरीचा थर, बोटाने उचलला तर अख्खा निघाला, रुमालासारखा. हवेविना तापून वीज तोडत होता तो हाच. एसएमपीएस खालून हवा घेतो हे आम्हाला कोणालाच आठवलं नव्हतं. भाचा वरच्या बाजूच्या गप्पा मारत होता, मामा पुढच्या बाजूच्या आणि मी टॉवेल उचलत होते. ब्लोअरने धूळ उडवताना दादाने प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं. मोकळं सोडलं तर वाऱ्याने भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं.

तीन ते सव्वापाच एवढा वेळ गेला. एक्सपोर्ट पहिल्यांदा शेवटपर्यंत गेला. नवरी सासरी गेली.

दोघंही खूश होऊन चहा मागायला लागले आणि तेव्हा मी माझं म्हणणं मांडलं, कारण त्या खोलीत दिवसभर मी बसते. कोपऱ्यातल्या टेबलावर माझं शिवणाचं मशिन आहे. यांनी डब्यातला उन्हाळा मोठ्या हुशारीने बाहेर काढला. पण काढला कुठे? माझ्या पाठीवर.

"बसलेला माणूस किती वॉटची उष्णता देतो?" मी विचारलं.

"शंभराच्या आसपास," दादा म्हणाला.

"मग ३५० वॉटचा हा डबा म्हणजे खोलीत साडेतीन पाहुणे. दारं-खिडक्या लावून, दुपारी, साडेतीन पाहुणे माझ्या शेजारी बसवलेत तुम्ही. संध्याकाळी खोली ३९ झालेली असते. मग तुमचा तो ८४ पुन्हा ८६ होणार की नाही?"

दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. भाच्याचं जग कॅबिनेटच्या पत्र्याशी संपतं, दादाचं कॅबिनेटच्या उघड्या दाराशी. उष्णता मात्र खिडकीबाहेर गेल्याशिवाय गेली असं म्हणता येत नाही.

दादाला त्याचा जुना पेंटियम फोर आठवला. त्याच्या बाजूच्या दारात एक प्लॅस्टिकचा भोंगा होता, थेट प्रोसेसरच्या तोंडावर बाहेरची हवा आणून सोडणारा. भाच्याने त्याची कुंडली सांगितली. त्या काळात इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांना अट घातली होती की खोली ३५ डिग्रीची असताना प्रोसेसरच्या पंख्याला मिळणारी हवा ३८च्या वर जाता कामा नये. भोंगा त्यातून आला. पुढे २००४च्या सुमारास त्यांनी मदरबोर्डची सगळी मांडणीच वाऱ्याच्या रस्त्याप्रमाणे बदलून पाहिली, बीटीएक्स नावाने; ती चालली नाही, दोन-तीन वर्षांत गुंडाळली, कारण नंतरच्या चिपाच कमी तापायला लागल्या.

"खोली ३५!" दादा म्हणाला. "मे महिन्यात बदलापूरला ३५ किती वाजता असते?"

"पहाटे असते त्याहून कमी," मी म्हणाले. "पहाटे लाव ना तुझे एक्सपोर्ट. मी भल्या पहाटे उठतेच. बटण दाबायचं काम मी करीन."

भाच्याने एसीचा विषय काढला. दादाने हिशेब दिला की एक टनाचा एसी सुमारे साडेतीन हजार वॉटची उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे हा डबा त्याचा दहावा हिस्सा खाणार. डबा वीज घेणार तापायला, एसी वीज घेणार ते तापलेलं उपसायला. बिल मी भरते, त्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

मग दादाने एक प्रश्न विचारला, तो मला त्या दिवसातला सगळ्यात शहाणा वाटला. "याला पूर्ण जोर लावायलाच पाहिजे का? आमच्याकडे ब्लोअरचा स्पीड दुप्पट केला तर मोटरला आठपट ताकद लागायची. म्हणून आम्ही शेवटच्या दहा टक्क्यांच्या मागे कधी लागलो नाही. तुझ्या चिपचं तसं नाही?"

भाचा नाराजीने हो म्हणाला. वरच्या टोकाच्या वेगासाठी चिपला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वॉट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात. त्याला हे माहीत होतं. पण पैसे मोजून घेतलेल्या कार्डाचा कान पिळायचा, हे मनाला पटत नव्हतं. शेवटी त्याने कार्डाची मर्यादा १७० वरून १३६ वॉटवर आणली आणि प्रोसेसरची ८० वर. ७०-८० वॉट कमी झाले, पाऊण पाहुणा उठून गेला. दीड तासाच्या कामाला सहा मिनिटं जास्त लागली. त्या सहा मिनिटांवरून तो अजून कुरकुरतो.

खणाचं काय करायचं ते दादाने विचारलं नाही. पुढच्या रविवारी करवत घेऊन आला आणि टेबलाच्या उजव्या बाजूची फळी कापून काढली. कॅबिनेट भिंतीपासून एक वीत पुढे, खिडकीच्या अंगाला ठेवलं, मागचा पंखा खिडकीकडे तोंड करून. टेबल आता जरा लंगडं दिसतं.

त्या मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर दादाला नऊ पस्तीसची लोकल पकडायची होती. निघता निघता म्हणाला, जरा गच्चीवर जाऊन येऊ. भाच्याला वाटलं वारा खायला. वर गेल्यावर दादाने चपला काढल्या आणि स्लॅबवर अनवाणी उभा राहिला. मग भाच्याने काढल्या. मग मीही.

सूर्य मावळून दोन तास झाले होते. तळव्यांना चटका नाही, पण अजून ताव लागत होता, निवत आलेल्या तव्यासारखा. खाली आमची खोली होती, खोलीत टेबल, टेबलाशेजारी डबा.

"हा तुझा मोठा डबा," दादा म्हणाला. "याच्या वरच्या जाळीवर टॉवेल कोणी टाकलाय बघ."

"सोसायटीने."

"पांढरा चुना मारायला सांगा. दोन हात."

"सेक्रेटरी म्हणतात, पावसात धुऊन जातो."

"मग दरवर्षी मारा."

"वर्गणी कोण देणार मामा, तू?"

दोघं जिन्यावरून उतरेपर्यंत चुन्याला डिंक घालायचा की फेविकॉल, यावरून त्यांचं सुरू झालं होतं.